दीड पोत्याचा ताण
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. राहायचं भोर-वेल्ह्याच्या डोंगरात आणि बोलायचं कशावर, तर बेस गिटारच्या पोटातल्या लोखंडी सळईवर! पण गावाकडच्या जत्रेत रात्री ऑर्केस्ट्रा सुरू झाल्यावर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर सर्वांत आधी काय पोहोचतं ते आठवून पाहा. गाण्याचे शब्द कळत नाहीत, बासरीही विरून जाते. पोहोचतो तो ठोका आणि ठोक्याखालून चालणारा एक जाड, घुमता सूर. तो सूर बेसचा. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ हे वादक बेस गिटार वाजवत. त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण त्या गाण्यांवर पाय हलला नाही असा माणूस सापडणं कठीण.

माझं भोरमध्ये एक छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल मशिन, वेल्डिंगचं सामान. पोटापाण्याचं काम म्हणजे पंपाचे शाफ्ट, मळणीयंत्राचे पुली-बेअरिंग, ट्रॅक्टरचे पिना. घरात भजनाची परंपरा, त्यामुळे दिंडीतल्या वीणेच्या खुंट्या आणि पेटीचे भाते आधीपासून हाताखाली होते. पुढे बेंजो पार्ट्या आल्या. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुल तरंग. त्याची तुटलेली बटणं आणि स्प्रिंगा माझ्याकडे येऊ लागल्या. बेंजोच्या मागोमाग गिटार आल्या आणि गिटारच्या मागोमाग बेस. त्यामुळे मी आज बोलणार आहे ते कारागिराच्या बाजूनं. संगीतातलं ज्ञान मी सांगत नाही. लोखंड आणि लाकूड एकमेकांशी कसं वागतात, तेवढंच सांगतो.

तर आधी ही सळई कशासाठी असते ते पाहू. सतारीला, तंबोऱ्याला जी दांडी असते तिला गिटारवाले नेक म्हणतात. बेस गिटारला साधारणपणे चार जाड तारा असतात. सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला ४१ कंपनांचा, म्हणजे चांगलाच खर्जातला. नेहमीच्या मापाच्या बेसमध्ये घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तारेची लांबी ३४ इंच असते. एवढ्या लांब आणि जाड तारा सुरात आणायच्या, तर चौघींचा मिळून ताण पंचाहत्तर ते ऐंशी किलोच्या घरात जातो. सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं असतं. म्हणजे दीड पोत्याइतका ओढा त्या दोन-अडीच बोटं रुंद लाकडावर चोवीस तास असतो. वाद्य वाजवा किंवा खुंटीला टांगून ठेवा, ओढा काही सुटत नाही. धनुष्याला दोरी चढवली की काठी वाकते, तसा नेक वाकायला बघतो. वाकला की तारा पट्टीपासून लांब जातात. मग बोटं दाबून दाबून दुखतात आणि सूर दाबल्या जागी बरोबर लागत नाही.

याला उपाय काय? जुना उपाय म्हणजे दांडी जाड करायची. आपला तंबोरा बघा. त्याची दांडी रुंद, आतून पोकळ आणि गोलसर असते. तारा चारच आणि त्यांचा ताण बेताचा. त्यामुळे त्या दांडीला पोटात लोखंड लागत नाही. गिटारचं तसं नाही. तिचा नेक मुठीत मावला पाहिजे, आणि वर पोलादी तारांचा जोर सोसला पाहिजे. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीत थॅडियस मॅकह्यू नावाचा एक माणूस होता. त्यानं नेकच्या पोटात बसवायच्या, पान्यानं कमी-जास्त करता येणाऱ्या सळईची युक्ती काढली. १९२३ साली तिचं पेटंट मंजूर झालं. हीच ट्रस रॉड. घराच्या छपराला जी कैची असते तिला इंग्रजीत ट्रस म्हणतात. कैचीत जसा एक भाग दाब घेतो, दुसरा ओढ घेतो आणि दोघांच्या भांडणातून छप्पर सरळ राहतं, तसंच काहीसं इथं आहे.

पुढे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि माणसापेक्षा उंच असलेल्या उभ्या डबल बेसचं काम खांद्याला अडकवायच्या गिटारवर आलं. गंमत म्हणजे याच फेंडर यांच्या १९५० सालच्या पहिल्यावहिल्या काही गिटारमध्ये ही सळई नव्हती. मेपलचं लाकूड कठीण, ते वाकणार नाही असा हिशेब होता. लाकडानं तो मानला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत सळई आत गेली.

सळईची रचना सोपी आहे. फ्रेट ठोकलेल्या पट्टीच्या खाली, नेकच्या लाकडात एक खाच असते. ती सरळ नसते, मध्यभागी खोल गेलेली असते. त्या खाचेत सळई बसवतात, म्हणजे तीही मध्ये झोळ घेतल्यासारखी बसते. एक टोक आत पक्कं अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला आटे आणि नट. नट आवळला की सळई ताणली जाते. ताणलेली कोणतीही गोष्ट सरळ व्हायला बघते. सरळ होताना ती नेकच्या मध्यभागाला वर, तारांच्या दिशेनं उचलते. तारा डोकं पुढे ओढतात, सळई मधला भाग उचलते. दोघांची बरोबरी झाली की नेक जवळजवळ सरळ राहतो. नवीन वाद्यांत दोन्ही दिशांना काम करणारी जोड-सळई असते. ती सरळ खाचेत बसते, पण तिचं तत्त्व फार वेगळं नाही.

आमच्याकडे अंबवड्याला संस्थानकाळातला झुलता पूल आहे. पुलावरून माणसं चालतात तेव्हा वरची दोरखंडं ओढ घेतात, पण ती पूल वर खेचत बसत नाहीत. ती धरून ठेवतात. ट्रस रॉडचं काम हेच आहे. तिनं धरून ठेवायचं. वाकलेलं लाकूड एकटीनं खेचून सरळ करणं हे तिचं काम नाही. माझ्याकडे बिघडून आलेल्या बहुतेक ट्रस रॉडच्या मागे एवढी एक समजूत नसणं, हे कारण असतं.

आता आपल्या भागाचं सांगतो. भोरच्या पश्चिमेला हिर्डोशी खोरं, तिकडे वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, केळद-पासलीचा भाग. जून ते सप्टेंबर तिथं धुकं घरात शिरतं, भिंतींना ओल येते, धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच घरात दाराच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडतात. हे सगळं लाकूड करतं. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, उन्हात तो सोडतं आणि आक्रसतं. फुगणं-आक्रसणं आडव्या अंगानं जास्त, उभ्या अंगानं अगदी किरकोळ. नेक आणि त्यावरची पट्टी वेगवेगळ्या लाकडांची असतात, त्यामुळे दोन्ही सारख्या प्रमाणात हलत नाहीत. नेक कोणत्या बाजूला जाईल हे ज्या त्या लाकडाच्या रेषांवर ठरतं. पण हलणार हे नक्की. म्हणून वर्षातून दोनदा, पाऊस लागल्यावर आणि उन्हाळा चढल्यावर, नट थोडा हलवावा लागतो. थोडा म्हणजे पाव फेरा. त्यापेक्षा जास्त क्वचितच.

आता ज्या कामावरून हे सगळं सांगावंसं वाटलं, त्या कामाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात वेल्ह्याकडचा एक तरुण नसरापूरमार्गे एसटीनं बेस घेऊन आला. घरी भाताची शेती, दोन म्हशी. जत्रांच्या दिवसांत एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. सुपाऱ्या चैत्रात सुरू होणार होत्या, आणि त्या तीन महिन्यांच्या बिदागीवर घरातला बराच खर्च चालायचा. पावसाळ्यात नेक वाकला होता. कुणीतरी तो आवळून द्यायचा प्रयत्न केला. या वाद्याच्या नटाला इंची माप होतं, तीन-सोळांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. हाताशी होती साडेचार मिलिमीटरची अ‍ॅलन की. ती आत जाते, थोडी सैल वाटते, पण फिरते. फिरताना नटाच्या आतले सहाही कोपरे खाऊन टाकते. भोक गोल झाल्यावर दुसऱ्या कुणीतरी पक्कड लावली. कट्ट असा आवाज आला आणि नट सळईच्या तुकड्यासकट बाहेर आला. तो तुकडा त्या तरुणानं कागदात गुंडाळून आणला होता. त्याचं मला फार बरं वाटलं. ते का, ते पुढे सांगतो.

“काका, होईल का? नाहीतर नवीनच घ्यावा लागंल,” त्यानं विचारलं. नवा बेस म्हटला तर साध्यातला साधाही महागच पडतो. माझ्यासमोर प्रश्न एकच होता. सळई नेमकी कुठं तुटली आहे? तोंडाशी तुटली असेल तर काम दोन-चार दिवसांचं. आत खोलवर तुटली असेल तर फ्रेटची पट्टी गरम करून, पातळ सुरीनं इंच इंच उचकटून काढायची, जुनी सळई खरवडून नवी घालायची, पट्टी परत चिकटवायची. त्यात पट्टीला तडा जाण्याची भीती असते आणि हिशेब केला तर कधी कधी नवा नेक स्वस्त पडतो. या प्रकारच्या बेसचा नेक मोठ्या स्क्रूंनी अंगाला जोडलेला असतो, त्यामुळे तो बदलता येतो. पण त्या मापाचा नेक मिळणार कुठं, कधी आणि केवढ्याला, हा पुढचा प्रश्न.

इथं तो कागदातला तुकडा कामाला आला. नटाच्या आत अडकलेला सळईचा भाग मोजला. तो नटाच्या खोलीपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जास्त होता. म्हणजे मोडण नटाच्या तोंडाशीच, शेवटच्या आट्याच्या मुळाशी झालेली. लोखंड जिथं आटे संपतात तिथंच बहुतेक वेळा मोडतं. आटे पाडलेल्या भागात सळई बारीक झालेली असते आणि ताण सगळा त्या पहिल्या खाचेवर येतो. ट्रॅक्टरचा स्टडही तिथंच मोडतो. त्या तुकड्याच्या तोंडावर अर्ध्या भागात जुना तांबूस गंज होता आणि अर्धा भाग ताजा, चमकता. म्हणजे तडा आधीपासून होता. दोन पावसाळे त्यात ओल शिरली होती. पक्कड हे फक्त शेवटचं निमित्त.

पहिलं काम म्हणजे तारा उतरवल्या आणि नेक सपाट फळीवर दोन दिवस नुसता ठेवून दिला. गिऱ्हाईक समोर उभं असलं की हे दोन दिवस फार लांब वाटतात. पण ज्या लाकडावर दीड पोत्याचा ओढा होता, त्याला तो गेल्यावर आपल्या जागेवर यायला वेळ द्यावा लागतो. 

नंतर सळईचं तोंड उघडं करायचं होतं. नटाच्या खोबणीत, लाकडाच्या आत, तिचं टोक दिसत होतं, पण आटे पाडायला चहूबाजूंनी जागा पाहिजे. यासाठी लेथवर एक नळी बनवली. आतलं भोक सळई सैलसर जाईल एवढं, बाहेरचा व्यास नटाच्या खोबणीइतका. नळीच्या तोंडाला कानशीनं करवतीसारखे दात काढले. ही नळी सळईवर चढवून हातानं फिरवायची. सळईच तिला वाट दाखवते, त्यामुळे ती तिरकी जात नाही. दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढायची, भुसा झटकायचा, परत घालायची. असं करत सळईभोवतीचं लाकूड साधारण इंचभर खोल कोरून काढलं. इथं ड्रिल मशिन वापरायचा मोह होतो. पण मशिनला लाकूड संपल्याचं कळत नाही, हाताला कळतं.

आता खरी परीक्षा. उघड्या झालेल्या सळईला चिमट्यानं धरून आधी ओढून पाहिलं, मग हलकेच पिळून पाहिलं. आत आणखी कुठं तुटली असती तर ती सरकून हातात आली असती. पलीकडच्या टोकाची अडक सुटली असती तर अख्खी सळई जागच्या जागी फिरली असती, आणि फिरणाऱ्या सळईवर आटे पडत नाहीत. ती ना सरकली, ना फिरली. वेल्ह्याहून आलेल्या तरुणाला तेव्हाच फोन केला, की काम होईल.

आटे पाडायला बाजारात मिळणारा डाय त्या खोबणीत जात नाही, त्याचा घेर मोठा असतो. म्हणून पोलादाचा एक बारीक तुकडा घेऊन त्यात भोक पाडलं, टॅपनं आतून आटे काढले, चार बाजूंनी चिरा दिल्या आणि त्याला पाणी दिलं. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, पोलादाला पाणी देणं म्हणजे ते लाल करून एकदम थंड करणं, म्हणजे ते कठीण होतं. कोयत्याला, विळ्याला लोहार हेच करतो. मी या तुकड्याला तेलात पाणी दिलं, कारण साध्या पाण्यात एवढा बारीक तुकडा तडकण्याची शक्यता असते. नंतर थोडं गरम करून त्याचा कडकपणा उतरवला. हा झाला घरगुती डाय. तो लांब दांड्याला बसवून सळईवर अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे आटे पाडले. तेल घातलं नाही, मेण लावलं. तेल लाकडात झिरपलं की पुढे तिथं सरस किंवा फेविकॉल धरत नाही.

नट नवा केला तो पितळेचा. पोलादाचा का नाही, असं तो तरुणही विचारत होता. चांगल्या गिटारमध्येही पितळी नट असतात आणि त्याला कारण आहे. पितळ पोलादापेक्षा मऊ. दोघांत कधी ओढाताण झाली तर आटे जायचेच असतील ते नटाचे जावेत. नट शंभर-दोनशे रुपयांत नवा होतो, सळई होत नाही. नटाला भोक चार मिलिमीटरचंच पण खोल ठेवलं, कारण चारची अ‍ॅलन की कुठल्याही गावात मिळते. नटाच्या मागे पोलादाची छोटी बाही आणि जाड वॉशर बसवला, म्हणजे कोरलेली जागा भरून निघाली आणि नटाचा दाब लाकडाच्या एकाच ठिपक्यावर न येता पसरला.

इथवर लोखंडाचं काम झालं. पण नेक वाकलेलाच होता. दोन्ही टोकांच्या फ्रेटवर तार दाबून धरली की तार सरळ पट्टीचं काम करते. तेव्हा मधल्या, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघायचं. ती थोडी हवीच, साधारण व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी, कारण तार थरथरते तेव्हा तिला जागा लागते. इथं ती दोन मिलिमीटरच्या पुढे होती. अशा वेळी नट आवळून ती फट भरून काढायची म्हणजे परत तोच कट्ट आवाज.

म्हणून नेक एका जाड सागवानी तुळईवर पालथा ठेवला, दोन टोकांखाली पाचर, मध्ये सी-क्लॅम्प आणि क्लॅम्पखाली चामड्याचा तुकडा, आणि उलट्या दिशेनं हळूहळू दाबला, इतका की तो सरळ होऊन किंचित मागे झुकला. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी क्लॅम्प असतानाच नट हातानं टेकवला, मग अ‍ॅलन कीनं पाव फेरा. नंतर क्लॅम्प सोडला. ओढायचं कष्टाचं काम क्लॅम्पनं केलं, सळईच्या वाट्याला फक्त धरून ठेवायचं काम आलं. मघाशी झुलत्या पुलाचं बोललो ते यासाठीच.

तारा चढवल्या, सुरात आणल्या, परत एक रात्र जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त होती. आणखी पाव फेरा दिला आणि कार्ड अडकेल इतकी झाली. नेकला एका अंगाला हलकासा पीळ राहिला होता, तो सळईनं जात नाही. त्यामुळे दुसऱ्या फ्रेटवर जाड तार जोरात छेडली तर किंचित झणझण येते. ते त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, “पारावर ढोलकी चालू असते तेव्हा कुणाला ऐकू येतंय?” त्यावर्षीच्या सगळ्या सुपाऱ्या त्या बेसवर झाल्या. अजूनही तो पावसाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा दाखवायला आणतो.

हे सगळं सांगताना मला मिरजेची आठवण येते. तिथं सतार आणि तंबोरे करणारी घराणी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांचे मूळ पुरुष मानले जातात. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. हत्यारांचा जमाना सरला तेव्हा त्यांच्या हातातलं कसब वाया गेलं नाही, ते तुणीच्या लाकडाकडे आणि पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या भोपळ्यांकडे वळलं. आधी दुरुस्ती आणि मग निर्मिती, असा तो प्रवास झाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कसबाचं फळ. वाद्यदुरुस्तीत लोखंडाचा माणूस उपरा नसतो, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. आमच्या भागात कितीतरी मुलं आयटीआयमधून फिटर, टर्नर होऊन शिरवळच्या कारखान्यांत जातात. आटा, माप, ताण हे सगळं त्यांना शिकवलेलं असतं. फक्त हेच ज्ञान वाद्यालाही लागू पडतं हे त्यांना कुणी सांगत नाही. तेवढं कळलं तर तालुक्याच्या ठिकाणी चार-दोन माणसं तरी अशी तयार होतील, आणि एका नटासाठी कुणाला पुण्या-मुंबईला हेलपाटे घालावे लागणार नाहीत.

शेवटी, ज्यांच्या घरी गिटार किंवा बेस आहे त्यांना थोडं सांगतो. वाद्य बाहेरच्या भिंतीला टांगू नका, पावसाळ्यात ती भिंत घामेजते. आतल्या भिंतीला टांगा. टेम्पोच्या हौदात ताडपत्रीखाली भर उन्हात ठेवू नका, उष्णतेनं सांधे ढिले होतात. दोन-तीन महिने वाजवणार नसाल तर तारा थोड्या उतरवून ठेवा. नटाला कोणत्या मापाची की लागते ते एकदा जाणकाराकडून बघून घ्या आणि ती की वाद्याच्या पिशवीतच बांधून ठेवा. आत घातल्यावर जी की डुलते, ती आपली नाही. पाव फेऱ्याच्या वर एका दिवसात जायचं नाही. आणि हाताला अडतंय असं वाटलं, तर थांबायचं, जोर करायचा नाही. आधी लाकूड मोकळं करायचं, मग लोखंड फिरवायचं.

आणि एवढं करूनही काही मोडलंच, तर तुटलेला तुकडा, गोल झालेला नट, वाकलेली की, जे काही असेल ते केरात टाकू नका. कागदात बांधून वाद्याबरोबर आणा. काय झालं आणि कुठं झालं, ते त्या तुकड्यावर लिहिलेलं असतं. दुरुस्ती तिथूनच सुरू होते.